क्यूला जोडलेला बॅच जॉब कसा तपासावा: टप्प्याटप्प्याने

बॅच जॉबची (डेटा गठ्ठ्याने प्रोसेस करणाऱ्या कामाची) टेस्ट लिहिणं तसं सरळ असतं: इनपुट द्या, जॉब पळवा, टेबलात काय पडलं ते बघा. क्यूवरच्या कन्झ्युमरची, म्हणजे रांगेतले मेसेज उचलणाऱ्या कोडची, टेस्टही फार अवघड नसते. दोन्ही एकत्र आले की मात्र टेस्ट सगळ्या हिरव्या दिसतात आणि प्रॉडक्शनमध्ये एकच फाइल दोनदा प्रोसेस होते, किंवा एखादा मेसेज क्यूमधून निघतो आणि कुठेच पोचत नाही. कारण बहुतेक टेस्ट एकच गोष्ट सिद्ध करतात: एक चांगला मेसेज, एकदाच आला, तर काम होतं. त्याबद्दल शंका कोणालाच नव्हती.

खरे दोष राहतात एका अरुंद जागेत: डेटाबेसचा कमिट (बदल कायम करणं) आणि ब्रोकरला (क्यू चालवणाऱ्या सर्व्हरला) दिलेली पोच, म्हणजे अ‍ॅक, यांच्यामधल्या फटीत. खालचे टप्पे त्या फटीपर्यंत नेतात. क्रम मोडू नका. आधीचा टप्पा कच्चा असेल तर पुढची टेस्ट पडल्यावर दोष कोडचा की टेस्टचा, हेच कळत नाही.

उदाहरणं स्प्रिंग बॅचची आहेत. ब्रोकर म्हणून काफ्का, रॅबिटएमक्यू आणि अ‍ॅक्टिव्हएमक्यू गृहीत धरलेत. तुमचं फ्रेमवर्क वेगळं असेल तर नावं बदलतील, फट तीच राहील.

## टप्पा १: जोड नेमकी कुठे आहे ते लिहून काढा

‘क्यूला जोडलेला जॉब’ म्हणताना चार वेगळ्या रचना एकाच नावाखाली येतात:

१. मेसेज फक्त इशारा देतो. ‘अमुक फाइल आली’ एवढंच त्यात असतं आणि लिसनर (क्यूवर कान ठेवून बसलेला कोड) जॉब सुरू करतो.
२. क्यू हाच जॉबचा इनपुट. रीडर एकेक मेसेज उचलतो. ठरावीक वेळ काही मिळालं नाही की स्टेप (जॉबचा एक भाग) संपते.
३. जॉब स्वतः मेसेज बाहेर पाठवतो, रायटरमधून किंवा जॉब संपल्यावर.
४. मॅनेजर काम वाटतो आणि दुसऱ्या प्रोसेसमधले वर्कर ते मेसेजमधून उचलतात.

एकाच जॉबमध्ये यांतल्या दोन-तीन सहज सापडतात. प्रत्येक जोडीपुढे तीन उत्तरं लिहा: पोच कोण देतं, कोणत्या क्षणी देतं, आणि डेटाबेसचा कमिट त्याआधी होतो की नंतर.

पोच आधी आणि कमिट नंतर असेल तर मध्येच प्रोसेस मेल्यावर काम हरवतं. कमिट आधी आणि पोच नंतर असेल तर तोच मेसेज पुन्हा येतो. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायचे तर एक्सए (दोन यंत्रणांचं सामायिक ट्रान्झॅक्शन) लागतं, आणि काफ्का एक्सए पाळत नाही. म्हणजे बहुतेकांना ‘पुन्हा येतो’ हाच पर्याय पत्करावा लागतो. मग टेस्टचा मुख्य प्रश्न ‘मेसेज आला का’ हा राहत नाही. ‘दुसऱ्यांदा आला तर काय’ हा होतो.

तपासा: ‘पोच कधी जाते’ याचं उत्तर टीममधल्या दोघांनी वेगवेगळं दिलं, तर टेस्ट लिहायला बसू नका. आधी लिसनरची सेटिंग उघडून बघा. काफ्का कन्झ्युमरमध्ये आपोआप कमिट (कुठवर वाचलं याची नोंद) मुळात चालू असतो, दर ५ सेकंदांनी. अनेकांना हे मेसेज हरवल्यावर कळतं.

## टप्पा २: टेस्टचं वातावरण

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि तो नंतर ‘टेस्ट अधूनमधून पडते’ या नावाने खर्ची पडतो.

जॉब आपोआप सुटू देऊ नका. स्प्रिंग बूट कॉन्टेक्स्ट (सगळे घटक जोडून ठेवणारं वातावरण) उभा राहताच त्यातला जॉब पळवतो. टेस्ट प्रोफाइलमध्ये ती सेटिंग बंद करा. नाहीतर तुमच्या टेस्टचा पहिला मेसेज जाण्याआधीच जॉब एकदा पळून गेलेला असतो आणि मोजणी एकाने चुकते.

टेस्ट क्लासवर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन लावू नका. टेस्ट संपल्यावर डेटा आपोआप पुसला जावा म्हणून लोक ते सवयीने लावतात. जॉब रिपॉझिटरी (जॉबच्या स्थितीच्या नोंदी ठेवणारा भाग) आधीपासून उघडं ट्रान्झॅक्शन दिसलं की सरळ एक्सेप्शन फेकते. त्यावर ती तपासणीच बंद करण्याचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका. कमिटच्या सीमा तपासायच्या असताना बाहेरून एक मोठं ट्रान्झॅक्शन गुंडाळलं, तर तपासायला काही उरतच नाही.

प्रत्येक टेस्टला स्वतःची नावं द्या. क्यू, टॉपिक, कन्झ्युमर ग्रुप, सगळ्यांच्या शेवटी यदृच्छ शेपूट जोडा. सामायिक क्यू साफ करून वापरणं कागदावर ठीक वाटतं, पण रॅबिटएमक्यूमध्ये क्यू साफ केली तरी पोच न मिळालेले मेसेज त्यात पुसले जात नाहीत. ते कन्झ्युमरच्या हातात असतात आणि कनेक्शन तुटलं की परत येऊन पुढच्या टेस्टमध्ये उगवतात.

जुने कॉन्टेक्स्ट जिवंत असतात हे विसरू नका. स्प्रिंगची टेस्ट यंत्रणा कॉन्टेक्स्ट कॅश करते; मूळ मर्यादा ३२ आहे. आधीच्या टेस्ट क्लासचा लिसनर त्या कॅशमध्ये जागा असू शकतो आणि तुमचा मेसेज तो गिळतो. ‘एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर चालवली तर फेल’ अशी टेस्ट दिसली की पहिला संशय इथेच घ्या. वेगळी क्यू दिली असेल तर हा त्रास होत नाही; नसेल तर त्या क्लासनंतर कॉन्टेक्स्ट मोडायला सांगा.

डेटाबेस प्रॉडक्शनच्याच जातीचा घ्या. मेमरीतला डेटाबेस वेगवान असतो खरा, पण लॉक आणि आयसोलेशनच्या बाबतीत तो वेगळा वागतो. सहाव्या टप्प्यातली टेस्ट त्यावर काहीही सिद्ध करणार नाही.

## टप्पा ३: ब्रोकर बाजूला ठेवा, चंक तपासा

हा टप्पा लहान आहे. बहुतेकांना तो येतो. प्रोसेसरची साधी युनिट टेस्ट, मग पूर्ण स्टेप खोट्या रीडर-रायटरसह. चुकतं ते डेटाच्या आकारात. चंकचा (एका ट्रान्झॅक्शनमध्ये जाणाऱ्या नोंदींच्या गटाचा) आकार १० असेल तर ०, १, ९, १०, ११ आणि २३ नोंदी एवढे आकार पळवा. शून्य नोंदींवर जॉब ‘कम्प्लीटेड’ होणं तुम्हाला हवं आहे की ती चूक मानायची, हे आत्ताच ठरवा.

एक टेस्ट मात्र आवर्जून लिहा. स्किप (वाईट नोंद वगळणं) चालू असलेल्या फॉल्ट-टॉलरंट स्टेपमध्ये रायटर एका नोंदीवर पडला की अख्खा चंक रोलबॅक होतो (मागे फिरवला जातो) आणि दोषी नोंद शोधायला नोंदी एकेक करून पुन्हा लिहिल्या जातात. या फेरीत प्रोसेसरही पुन्हा बोलावला जातो. म्हणजे प्रोसेसरच्या आत कोणी मेसेज पाठवत असेल, तर तो एकाच नोंदीसाठी दोनदा जातो. १० नोंदींचा चंक घ्या, सातव्या नोंदीवर रायटरला पाडा आणि प्रोसेसर किती वेळा बोलावला गेला ते मोजा. आकडा १० पेक्षा मोठा आला की प्रोसेसरमधून मेसेज का पाठवू नये यावर वेगळी चर्चा करावी लागत नाही.

## टप्पा ४: जोडणी तपासा, पण मेमरीतल्या चॅनेलवर विश्वास बेताचाच ठेवा

आता लिसनर, चॅनेल आणि जॉब लाँचर एकमेकांना जोडा. ब्रोकरच्या जागी मेमरीतलं चॅनेल चालेल. मेसेजमधल्या फाइलच्या नावाचा जॉब पॅरामीटर नीट बनतो का, चुकीचा मेसेज आला तर जॉब सुरू न होता नाकारला जातो का, एवढं इथे पाहा.

मेमरीतलं चॅनेल दोन बाबतींत सरळ खोटं बोलतं.

पहिलं, ते ऑब्जेक्टचा संदर्भ जसाच्या तसा पलीकडे देतं. सीरियलायझेशन होतच नाही. तारखेचा फॉरमॅट, हरवलेलं फील्ड, नाव बदललेला क्लास, यांतलं काहीच पकडलं जात नाही. म्हणून सीरियलायझेशनची टेस्ट वेगळी लिहा: ऑब्जेक्टपासून बाइट, बाइटपासून पुन्हा ऑब्जेक्ट. शिवाय आज प्रॉडक्शनमध्ये फिरणाऱ्या मेसेजचा एक नमुना फाइल म्हणून रिपॉझिटरीत ठेवा आणि नवा कोड तो वाचू शकतो का हे दर बिल्डला तपासा. डिप्लॉय करताना क्यूमध्ये जुन्या आवृत्तीचे मेसेज पडलेले असतातच.

दुसरं, डायरेक्ट चॅनेल पाठवणाऱ्याच्याच थ्रेडवर पुढचं काम करतं. पाठवणारा आणि घेणारा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये येतात, आणि घेणाऱ्याचं एक्सेप्शन पाठवणाऱ्याकडे उलट येतं. खऱ्या ब्रोकरवर यांतलं काहीच होत नाही. या टप्प्यात रोलबॅकची टेस्ट पास झाली तर ती मोजू नका.

## टप्पा ५: खरा ब्रोकर, आणि नीट थांबणं

टेस्टकंटेनर्ससारख्या साधनाने खरा ब्रोकर उभा करा, प्रॉडक्शनमध्ये आहे त्याच आवृत्तीचा. इथून पुढे सगळी कसरत थांबण्याची आहे.

आधी कन्झ्युमर तयार आहे याची खात्री करा. काफ्काचा नवा कन्झ्युमर ग्रुप मुळात ‘लेटेस्ट’पासून वाचतो. पार्टिशन (टॉपिकचा त्याच्या वाट्याचा भाग) हातात येण्याआधी तुम्ही मेसेज पाठवलात तर तो त्याला कधीच दिसणार नाही, आणि टेस्ट दहा वेळांत तीनदा पडत राहील. पार्टिशन मिळेपर्यंत थांबणारी सोय स्प्रिंग काफ्काच्या टेस्ट साधनांत आहे, ती वापरा. टेस्टसाठी ‘अर्लिएस्ट’ ठेवणं हा दुसरा मार्ग. पण प्रॉडक्शनची सेटिंग वेगळी असेल तर तो फरक नोंदवून ठेवा.

झोपू नका, अट लावा. ‘५ सेकंद झोप आणि मग तपास’ ही टेस्ट मंदही असते आणि खोटीही. अवेटिलिटीसारख्या लायब्ररीने अट पूर्ण होईपर्यंत विचारत राहा. ती मुळात दर १०० मिलिसेकंदांनी विचारते आणि १० सेकंदांनी हार मानते. बॅच जॉबसाठी ही मर्यादा वाढवावी लागेल.

योग्य गोष्टीची वाट बघा. क्यू रिकामी झाली म्हणजे जॉब संपला असं नाही. लाँचरने जॉब एक्झिक्युशन परत दिलं म्हणजेही नाही. लाँचर असिंक्रोनस असेल तर ते बहुधा नुकतंच सुरू झालेलं असतं. जॉब रिपॉझिटरीत त्या पॅरामीटरचं एक्झिक्युशन शेवटच्या स्थितीला पोचलं का, हे विचारा. आणि ‘कम्प्लीटेड’ एवढ्यावर समाधान मानू नका: वाचलेल्या, लिहिलेल्या आणि स्किप झालेल्या नोंदींचे आकडे तपासा. सगळ्या नोंदी स्किप झाल्या तरी जॉब आनंदाने ‘कम्प्लीटेड’ होतो.

‘काहीच झालं नाही’ हे कसं सिद्ध करायचं? दुसऱ्यांदा आलेला मेसेज दुर्लक्षिला गेला हे दाखवायला लोक काही सेकंद थांबतात आणि टेबल पाहतात. त्याऐवजी संशयित मेसेजच्या मागोमाग त्याच क्यूवर, काफ्का असेल तर त्याच पार्टिशनवर, एक वेगळा ओळखू येणारा मेसेज पाठवा आणि त्याचा जॉब संपेपर्यंत थांबा. कन्झ्युमर एकच असेल तर तो मागचा मेसेज हातात येईस्तोवर पुढच्याचा निकाल लागलेला असतो. या मागच्या मेसेजला आपण ‘पहारेकरी’ म्हणू. तो पुढे पुन्हा लागेल.

इशारा: पहारेकरी एकाच कन्झ्युमरवर चालतो. समांतर कन्झ्युमर चालू असतील तर क्रमाची हमी नसते.

## टप्पा ६: तोच मेसेज दोनदा

ही टेस्ट नसेल तर बाकीच्या सगळ्या असून फारसा उपयोग नाही.

स्प्रिंग बॅचमध्ये जॉबचं नाव आणि ओळख ठरवणारे पॅरामीटर मिळून जॉब इन्स्टन्स बनतो. तोच इन्स्टन्स पूर्ण झालेला असेल तर पुन्हा पळवताना ‘जॉब इन्स्टन्स ऑलरेडी कम्प्लीट’ हे एक्सेप्शन येतं. चालू असेल तर ‘ऑलरेडी रनिंग’. पडलेला असेल तर तो जिथे पडला तिथून पुन्हा सुरू होतो. म्हणजे मेसेजमधला व्यवसायाचा आयडी पॅरामीटर म्हणून दिला की पुनरावृत्तीविरुद्धचं अर्धं संरक्षण फुकट मिळतं.

ते दोन प्रकारे मोडलं जातं. एक, कोणीतरी ते एक्सेप्शन नको म्हणून पॅरामीटरमध्ये चालू वेळ घालतं. मग प्रत्येक पुनरागमन हा नवा जॉब. दोन, टेस्टची मदतनीस युटिलिटी पॅरामीटरशिवाय जॉब पळवायला सांगितला की स्वतः एक यदृच्छ पॅरामीटर जोडते. टेस्ट सोपी व्हावी म्हणून ती सोय आहे, पण आपल्याला तपासायचं आहे तेच ती झाकते. या टप्प्यात ती वापरू नका. मेसेज क्यूवर टाका आणि पॅरामीटर लिसनरलाच बनवू द्या.

क्रम असा:

१. मेसेज पाठवा, जॉब पूर्ण होऊ द्या.
२. तोच मेसेज, त्याच आयडीने, पुन्हा पाठवा.
३. पहारेकरी पाठवा आणि त्याचा जॉब संपेपर्यंत थांबा.
४. तपासा: पहिल्या आयडीचा जॉब इन्स्टन्स एकच, टेबलातल्या नोंदी तेवढ्याच, बाहेर गेलेले मेसेज तेवढेच, मूळ क्यू रिकामी, डेड लेटर क्यूही (नाकारलेल्या मेसेजची वेगळी क्यू) रिकामी.

शेवटच्या दोन अटी लोक गाळतात. लिसनरने ‘ऑलरेडी कम्प्लीट’ न पकडता वर जाऊ दिलं, तर मेसेज नाकारला जातो. स्प्रिंग एएमक्यूपीमध्ये नाकारलेला मेसेज मुळात पुन्हा क्यूमध्येच जातो, म्हणजे तोच मेसेज गोल गोल फिरत राहतो आणि लॉग भरत राहतो. टेबल मात्र अगदी बरोबर दिसतं.

मग हीच टेस्ट दोन समांतर कन्झ्युमरवर, दोन्ही मेसेज एकाच क्षणी टाकून चालवा. पहारेकरी इथे उपयोगी नाही. दोन्ही मेसेजना पोच मिळेपर्यंत थांबा. जॉब रिपॉझिटरी नवा इन्स्टन्स बनवताना मुळात सीरियलायझेबल आयसोलेशन वापरते, त्यामुळे एकच जिंकतो. पण हरणाऱ्याला प्रत्येक वेळी ते सुबक एक्सेप्शन मिळेलच असं नाही. डेटाबेसकडून डेडलॉक किंवा सीरियलायझेशनची चूकही येते. लिसनर तिचं काय करतो ते पाहा. ती तात्पुरती चूक मानून मेसेज परत क्यूमध्ये जायला हवा.

### क्यू हीच रीडर असेल तर

जेएमएसवर (जावाच्या मेसेजिंग एपीआयवर) तीन सेटिंगा एकत्र जुळाव्या लागतात: रिसीव्ह टाइमआउट, सेशनचं ट्रान्झॅक्शन, आणि ‘रीडर ही ट्रान्झॅक्शनल क्यू आहे’ हे स्टेपला सांगणं. शेवटची विसरली जाते. स्टेप मुळात वाचलेल्या नोंदी स्वतःजवळ राखून ठेवते, म्हणजे रोलबॅकनंतर पुन्हा वाचायला नको. ट्रान्झॅक्शनल क्यूवर रोलबॅक झाला की मेसेज क्यूमध्ये परत जातात, आणि राखलेल्या नोंदीही प्रोसेस होतात. एकूण दुप्पट.

दोन टेस्ट पुरतात. क्यूमध्ये ५ मेसेज टाका, रायटर कायमचा पाडा: जॉब पडल्यावर क्यूमध्ये ५ आणि टेबलात ० हवेत. क्यूमध्ये ० असतील तर सेशन ट्रान्झॅक्शनमध्ये नव्हतं आणि मेसेज वाचतानाच पोच गेली. मग रिट्राय चालू ठेवून रायटर फक्त पहिल्या वेळी पाडा: टेबलात ५ हवेत, १० नकोत.

काफ्काच्या आयटम रीडरची तऱ्हा वेगळी. तो ऑफसेट (पार्टिशनमध्ये कुठवर वाचलं तो क्रमांक) जॉबच्या एक्झिक्युशन कॉन्टेक्स्टमध्ये ठेवतो आणि सुरुवातीचे ऑफसेट दिले नाहीत तर प्रत्येक पार्टिशन ० पासून वाचतो. रिस्टार्टला हे ठीक, पण नव्या पॅरामीटरचा नवा जॉब पुन्हा मुळापासून सगळं वाचतो. ग्रुपच्या साठवलेल्या ऑफसेटपासून हवं असेल तर त्याला रिकामा मॅप द्यावा लागतो. टेस्ट सोपी: वेगळ्या पॅरामीटरने जॉब दोनदा पळवा, मध्ये नवा मेसेज नसेल तर दुसऱ्या वेळी वाचलेल्या नोंदी ० हव्यात. याचा पोल टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. टेस्टमध्ये कमी करा, नाहीतर प्रत्येक टेस्ट शेवटी अर्धा मिनिट नुसती बसून राहील.

## टप्पा ७: मध्येच मारा

एक्सेप्शन फेकणं आणि प्रोसेस मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. एक्सेप्शन फ्रेमवर्क पकडतं, स्थिती ‘फेल्ड’ लिहितं, रिस्टार्टला वाट मोकळी ठेवतं. वीज गेली किंवा ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीसाठी प्रोसेस मारली, तर हे लिहायला कोणी उरत नाही.

म्हणून अ‍ॅप्लिकेशनही कंटेनरमध्ये चालवा आणि बाहेरून मारा. डॉकरचा ‘स्टॉप’ वापरू नका. तो आधी सभ्यपणे सांगतो आणि मुळात १० सेकंद वाट बघतो. ‘किल’ वापरा. नेमक्या क्षणी थांबायला रायटरमध्ये टेस्टपुरतं फाटक ठेवा: ठरलेल्या नोंदीवर तो एक खूण लिहून अडून राहतो, टेस्ट ती खूण पाहते आणि कंटेनर मारते. मारायच्या जागा:

- मेसेज हाती आला, जॉब अजून सुरू नाही
- दुसऱ्या चंकच्या मधोमध
- शेवटचा कमिट झाला, पोच जायची बाकी
- बाहेरचा मेसेज गेला, कमिट बाकी

पहिल्या आणि तिसऱ्या जागेचे निकाल सहसा ठीक निघतात. दुसऱ्यात मात्र असं होतं: मेटाडेटात जॉब ‘स्टार्टेड’ राहतो. अ‍ॅप्लिकेशन पुन्हा उभं राहतं, ब्रोकर मेसेज परत देतो, लिसनर जॉब पळवायला जातो आणि ‘ऑलरेडी रनिंग’ मिळतं. ज्या लिसनरने सहाव्या टप्प्यात दोन्ही एक्सेप्शन एकाच कॅचमध्ये ‘पुनरावृत्ती आहे, पोच देऊन टाक’ म्हणून बसवली असतील, तो आता अर्धवट कामावर पोच देतो. मेसेज गेला, जॉब अडकला, आणि लॉगमध्ये एक शांत माहितीवजा ओळ. मी कोणत्याही नव्या प्रकल्पात आधी हाच कॅच ब्लॉक शोधतो.

जॉब खरंच चालू आहे की त्याची प्रोसेस मेली आहे, हे जॉब रिपॉझिटरीला कळत नाही. ते तुम्हाला ठरवावं लागतं. साधारण उपाय असा की स्टेपच्या नोंदीतली ‘शेवटची अद्ययावत’ वेळ एका मर्यादेहून जुनी असेल तर एक्झिक्युशन ‘फेल्ड’ करायचं आणि मगच रिस्टार्ट. ती वेळ प्रत्येक चंकनंतर पुढे सरकते, म्हणून मर्यादा सर्वांत हळू चंकपेक्षा भरपूर मोठी हवी. टेस्ट दोन्ही बाजूंनी लिहा: मेलेला जॉब सुटतो का, आणि अ‍ॅप्लिकेशनच्या दुसऱ्या इन्स्टन्सवर चाललेला जिवंत पण मंद जॉब चुकून मारला जात नाही ना. दुसरी बाजू तपासली नाही तर उपाय रोगापेक्षा वाईट ठरतो.

चौथ्या जागेवर मेसेज आधी गेला आणि डेटाबेस मागे फिरला, असं दिसेल. ब्रोकरकडून मेसेज परत मागता येत नाही. इथे पाठवायचा मेसेज त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात लिहिणं आणि नंतर वेगळ्या कामाने पाठवणं हाच टिकाऊ मार्ग. आउटबॉक्सनेही मेसेज दोनदा जाऊ शकतो, त्यामुळे घेणाऱ्याच्या टेस्टमध्ये सहावा टप्पा लागतोच.

तपासा: मारल्यानंतर पुन्हा उभं केल्यावर अंतिम टेबल, न मारता पळवलेल्या जॉबच्या टेबलाशी ओळीनिशी जुळतं का. फक्त संख्या जुळवू नका; दोन हरवल्या आणि दोन दुप्पट झाल्या तरी संख्या जुळते.

## टप्पा ८: जॉब मेसेजपेक्षा लांबला तर

लिसनरच्या थ्रेडवरच जॉब चालत असेल तर ब्रोकरचं घड्याळ टिकटिकत असतं. काफ्कात दोन पोलमधलं (मेसेज मागण्याच्या दोन वेळांमधलं) अंतर मुळात ५ मिनिटं. ओलांडलं की कन्झ्युमर ग्रुपबाहेर जातो आणि मेसेज दुसऱ्याला मिळतो. रॅबिटएमक्यूमध्ये पोच न आल्यास मुळात ३० मिनिटांनी चॅनेल बंद. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस क्यूमध्ये मेसेज मुळात फक्त ३० सेकंद लपलेला राहतो.

टेस्टमध्ये एवढं थांबणं शक्य नाही, तेव्हा मर्यादा खाली आणा आणि जॉब कृत्रिमरीत्या लांबवा. काफ्कात १० सेकंद ठेवा. काही क्लायंट लायब्ररी हा आकडा सेशन टाइमआउटपेक्षा लहान ठेवू देत नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र कमी करा. रॅबिटएमक्यूवर ही युक्ती चालत नाही, कारण ही मर्यादा मिनिटाखाली आणता येत नाही आणि तपासणीही मिनिटामिनिटानेच होते. तिथे जॉब चालू असताना कनेक्शन बाहेरून तोडा, परिणाम तोच.

अपेक्षा काय ठेवायची? दुसरा जॉब सुरू होऊ नये, आणि पहिला संपल्यावर मेसेज शेवटी एकदाच मार्गी लागावा. लिसनरने जॉब असिंक्रोनस सुरू करून लगेच पोच देणं हा लोकप्रिय तोडगा आहे. तो चालतो, पण मग मेसेज परत येण्याचा आधार गेला. पडलेला जॉब पुन्हा कोण सुरू करणार, याची वेगळी टेस्ट लिहावी लागते.

## टप्पा ९: विषारी मेसेज

कितीही वेळा प्रयत्न केला तरी पडणारच असा मेसेज द्या. पहिली तपासणी प्रयत्नांच्या संख्येची. स्टेपमध्ये एकूण ३ प्रयत्न आणि अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिकमध्ये मुळात ६ फेरवाटप, म्हणजे एकूण ७ फेऱ्या. मेसेजची प्रत्येक फेरी स्टेपचे प्रयत्न नव्याने सुरू करत असेल तर पडणारी सेवा २१ वेळा बोलावली जाते. दोन्ही ठिकाणचे आकडे वेगवेगळ्या लोकांनी ठरवलेले असतात, गुणाकार कोणी केलेला नसतो. टेस्टमध्ये तो आकडा लिहून टाका.

नंतर डेड लेटर क्यू: मूळ मजकूर बदलला नाही ना, कारण हेडरमध्ये आहे का, आणि विषारी मेसेजच्या मागचे चांगले मेसेज अडले नाहीत ना. काफ्काच्या ब्रोकरमध्ये कन्झ्युमरसाठी डेड लेटर नावाची सोयच नाही. ते काम तुमच्या कोडचं, त्यामुळे टेस्टही तुमची.

आणि मग बहुतेकजण सोडून देतात तो भाग. दोष दुरुस्त करा (टेस्टमध्ये खोटी सेवा बरी करा), तो मेसेज डेड लेटरमधून मूळ क्यूवर परत टाका, आणि जॉब जिथे पडला तिथून पूर्ण होतो का बघा. परत टाकणाऱ्या स्क्रिप्टने आयडीचा हेडर गाळला तर सहाव्या टप्प्यातलं संरक्षण इथे निसटतं.

## टप्पा १०: वर्कर असतील तरच

रिमोट पार्टिशनिंगमध्ये मेसेजमधून फक्त स्टेप एक्झिक्युशनची ओळख जाते. बाकी सगळं वर्कर जॉब रिपॉझिटरीतून वाचतो. म्हणून मॅनेजर आणि वर्करला वेगवेगळे मेमरीतले डेटाबेस दिले तर वर्करला स्टेप सापडतच नाही. दोघांना एकच डेटाबेस द्या, पण प्रोसेस वेगळ्या ठेवा. एकाच कॉन्टेक्स्टमध्ये दोघं असले तर चौथ्या टप्प्यातली दोन्ही खोटं इथेही लागू होतात.

उत्तराच्या चॅनेलऐवजी मॅनेजर डेटाबेसला विचारत असेल तर तो मुळात दर १० सेकंदांनी विचारतो आणि कितीही वेळ वाट बघतो. एक वर्कर मारून बघा: वेळेची मर्यादा दिली नसेल तर टेस्ट अनंतकाळ लटकेल, आणि प्रॉडक्शनमध्येही हेच होईल. टेस्टला स्वतःची बाहेरची मर्यादा लावूनच ही चालवा.

## टप्पा ११: बिल्डमध्ये कुठे बसवायचं

तिसरा आणि चौथा टप्पा दर कमिटला. पाचवा, सहावा आणि नववा मर्ज होण्याआधी. सातवा, आठवा आणि दहावा रात्रीच्या बिल्डमध्ये चालतील, मात्र ब्रोकरची किंवा फ्रेमवर्कची आवृत्ती बदलणाऱ्या प्रत्येक बदलाला ते हाताने पळवा. मूळ सेटिंगा आवृत्तीगणिक बदलतात आणि वरचे बरेच आकडे अशाच मूळ सेटिंगा आहेत.

या टेस्टना ‘पडली तर आपोआप पुन्हा पळव’ ही सोय लावू नका. दोनदा आलेला मेसेज दहातून एकदाच गोंधळ घालतो, आणि पुन्हा पळवल्यावर तो बहुधा दिसत नाही. पडलेल्या टेस्टच्या वेळचा ब्रोकरचा लॉग, जॉब रिपॉझिटरीच्या टेबलांचा डंप आणि त्या टेस्टच्या क्यूंची नावं बिल्डसोबत जपून ठेवा. कंटेनर पुसला गेल्यावर यांतलं काहीच मागे राहत नाही.